मुशीच्या तेलाचा बोळा

मी एक जुनी, लाल, दोनच माणसांची गाडी आहे. मित्रांनो, ठाण्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या गावठाणात कधी आलात, तर क्रूसाच्या चौथऱ्यापलीकडे निळ्या ताडपत्रीतून एक लांब नाक डोकावताना दिसेल. ते माझं. बुटकं अंग, उघडणारं छत, म्हणून मला स्पोर्ट्स कार म्हणतात. वेगाचं विचाराल, तर घोडबंदर रोडवर आता रिक्षासुद्धा मला मागे टाकते. पण रुबाब मात्र मी सोडलेला नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे बरंचसं काम हातानंच चाले. माझी पुढची काच बसवली तो दिवस मला चांगला आठवतो. एका कामगाराने काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत सुतळी घातली, दुसऱ्याने बाहेरून काच दाबून धरली. मग पहिल्याने आतून सुतळी हळूहळू ओढली, तशी रबराची कड वीतवीत करत जागेवर बसली. वाऱ्याची आत शिरायची टाप नव्हती.

आखातातली नोकरी सोडून लिओनार्ड गावी परतला आणि त्याने मला घरी आणलं. त्याची बायको मर्सी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“घरात माणसं तीन आणि गाडीत शीट दोन? तिसऱ्याने काय डिकीत बसायचं?”

तिसरी म्हणजे त्यांची लेक रोवेना, तेव्हा तीन वर्षांची. ती आईच्या मांडीवर बसू लागली. पुढे तिचे पाय लांब झाले, तेव्हा मर्सीच उतरली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती शेजारणीबरोबर रिक्षाने जाई आणि बापलेक माझ्यातून. मर्सी कुरकुरायची, पण मनातून तिला ते आवडायचं, कारण लिओनार्ड मुलखाचा अबोल माणूस. घरात जेवायला वाढतानाही त्याच्या तोंडून धड शब्द निघायचा नाही. माझ्यात रोवेना शेजारी बसली की मात्र तो आखातातल्या वाळूच्या वादळांपासून शाळेतल्या बाईंच्या नकलांपर्यंत सगळं बोलायचा. एकदा, दहा वर्षांची असताना, ती म्हणाली, “डॅडी, माझ्या लग्नाला मला ह्याच गाडीतून चर्चला न्यायचं हां. फक्त तू आणि मी.” पोर बोलून विसरली असेल. बापाने ते काळजात जपून ठेवलं.

दोन वर्षांनी तिनेच मारलेला चेंडू माझ्या काचेवर बसला. लिओनार्ड तिला एका शब्दानेही बोलला नाही. नवी काच आली, पण ती बसवणारा घाईत होता. “रबर चांगलं आहे, तेच चालेल,” म्हणाला आणि जुनंच रबर ताणून बसवून गेला. पुढची कित्येक वर्षं काही जाणवलं नाही. उन्हाने रबर हळूहळू कडक होत गेलं, आणि पाच वर्षांपूर्वी खड्ड्यात चाक गेलं तेव्हा काचेच्या कोपऱ्यातून पहिल्यांदा आवाज आला. किर्र.

मग तो काही थांबेना. लिओनार्ड रेडिओ मोठा करी. रोवेना आता डोंबिवलीला नोकरीला जात होती. ती कानावर हात ठेवी. “डोकं उठतं, डॅडी. मी ट्रेननेच जाते.” असं करता करता शेजारची सीट रिकामीच राहू लागली. मित्रांनो, दोषही माझाच आणि दुःखही माझंच, अशी माझी गत झाली होती.

गेल्या वर्षी रोवेनाचं लग्न ठरलं. एका संध्याकाळी ती माझ्या बॉनेटवर टेकून बापाला म्हणाली, “मी विसरले नाय हां. हिच्यातूनच येईन. फक्त ती किरकिर तेवढी बंद कर.”

लिओनार्डला आकाश ठेंगणं झालं. त्याचे वडील खाडीवर होड्या दुरुस्त करायचे. होडीच्या फळ्यांत फट पडली, की मुशी माशाच्या काळजाच्या तेलात कापूस भिजवायचा आणि बोथट छिन्नीने फटीत ठोकून भरायचा, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. जी गोष्ट समुद्राचं पाणी थोपवते, तिच्यापुढे एका रबराची काय कथा! त्याने पावशेर कापूस घेतला, तेलात बुडवला आणि दोन दिवस खपून माझ्या काचेभोवती बोळे ठोकले. मला दुखत होतं. पण इतक्या मायेने ठोकणाऱ्याला थांब कसं म्हणू?

आवाज बंद झाला. लिओनार्ड गावठाणभर सांगत सुटला. मात्र दुसऱ्याच दिवशी गावठाणातली यच्चयावत मांजरं माझ्या बॉनेटवर मुक्कामाला आली.

“बघ, पाहुणे आत्तापासून जमले,” मर्सी म्हणाली.

लग्नाला वीस दिवस उरले असताना रोवेना भर दुपारी माझ्यात बसली. आम्ही माजिवड्याच्या पुलापर्यंत गेलो असू. ऊन तापलं, कापूस पाझरला आणि काचेच्या वरच्या कडेवरून एक पिवळा थेंब तिच्या कुर्त्यावर पडला. मग दुसरा. मासळी बाजाराचा वास आत भरला.

“हे काय आहे, डॅडी?”

“मुशीचं तेल. थोडं जास्त झालं वाटतं.”

“आणि हे माझ्या पांढऱ्या गाऊनवर पडलं तर? सॉरी डॅडी, मी भाड्याची गाडी बघते.”

ती रागावली नव्हती, म्हणून तर ते अधिक लागलं. लिओनार्ड घरी आला. माझ्यावर ताडपत्री घातली आणि पायरीवर बसून राहिला. अठरा-एकोणीस वर्षं जपलेली एक फेरी त्याच्या हातून गेली होती, तीसुद्धा त्याच्याच हाताने.

मर्सी बाहेर आली. “होडीचं औषध गाडीला दिलंस. आता तरी हिला डॉक्टरकडे ने.”

डॉक्टर म्हणजे आंबिवलीचा गुणाजी. एसटीच्या काचा बसवण्यात त्याचा जन्म गेलेला. दुर्गाडीचा पूल ओलांडून, कल्याणच्या गर्दीतून धापा टाकत मी त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी राहिले. त्याने काच उतरवली. बोळे ओढून काढले, हुंगले आणि तोंड फिरवलं.

“अहो, ही काय मासे धरायला जाते का? तेलाने रबर फुगलं, कापसाने ओल धरली. हा बघा गंज. अजून एक वर्ष गेलं असतं, तर काच हातात आली असती.”

“आवाज बंद झालेला, म्हणून मला वाटलं बरी झाली,” लिओनार्ड पडेल आवाजात म्हणाला.

“आवाज बंद झाला. दुखणं होतं तिथंच.”

माझ्या मापाचं रबर आता कुठे मिळत नाही. गुणाजीने मीटरवर मिळणाऱ्या रबरांतून जुळणारं शोधलं. गंज खरवडून रंग लावला, तो वाळायला तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी रबराला साबणाचं पाणी लावून खाचेत सुतळी घातली. “तुम्ही बाहेरून दाबा,” तो लिओनार्डला म्हणाला आणि आतून सुतळी ओढू लागला. वीतवीत करत कड बसत गेली. मला माझा जन्म आठवला. माझे डोळे म्हणजे दिवे, नाहीतर तेव्हा खचित ओले झाले असते.

रोवेनाने एका फेरीतच भाड्याची गाडी रद्द केली.

लग्नाच्या दिवशी पांढरा गाऊन कसाबसा आत मावला. बँडवाले पुढे गेले, दारं लागली आणि आम्ही तिघंच उरलो. खड्डे आले, गतिरोधक आले. मी हूं की चूं केलं नाही. त्या शांततेत एक बारीकसा आवाज आला. पूर्वीची किरकिर असती, तर तो कुणाला ऐकूही गेला नसता.

“डॅडी, रडतोयस?”

“नाय गं. त्या तेलाचा वास अजून जात नाय.”

“वास कधीच गेला.” तिने त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. “चर्चवरून पुढे ने. एक चक्कर मारू. तू बोल काहीतरी.”

तो बोलला. तलावपाळीला पुरता वळसा घालेपर्यंत बोलत होता. काय बोलला ते मी सांगणार नाही, ते दोघांचं आहे. चर्चच्या दारात मर्सी कमरेवर हात ठेवून उभी होती, पण उशीर का झाला ते तिने विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी किरकिर करत असेल. एखादा पंखा असेल, शिलाई मशीन असेल, कदाचित माणूसही असेल. त्याचा आवाज बंद करायची घाई करू नका. बोळा कोंबणं सोपं असतं. आधी जवळ बसा आणि कुठे दुखतंय ते विचारा.