उभ्या गाडीतली काजळी

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. मला ईजीआर व्हॉल्व्ह म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मी तुमच्या दोन मुठींत सहज मावेन. एका पांढऱ्या डिझेल गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला मला बसवले आहे. गाडी धुतात तेव्हाही मला कोणी पाहत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. खरे सांगायचे तर आताशा मला कशाचेच फारसे काही वाटत नाही.

आधी माझे काम सांगतो. इंजिनात डिझेल जळते आणि धूर निघतो. त्यातला थोडा धूर मी पुन्हा इंजिनाच्या पोटात पाठवतो. त्यामुळे आतली आग जरा मवाळ होते आणि तुमच्या श्वासात जाणारा विषारी वायू कमी होतो. थोडक्यात, मी इंजिनाला त्याचेच उष्टे खाऊ घालतो. माझ्या आत एक छोटी झडप आहे. ती उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, एवढाच माझा संसार.

माझे पहिले मालक जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहत. सुटीच्या दिवशी ते गाडी नागपूरच्या मोठ्या रस्त्यावर घालत आणि चांगली पळवत. गरम धुराच्या झोताने माझा गळा आपोआप मोकळा होई. "इंजिन कसे मक्खन चालते," असे ते पाहुण्यांना सांगत. कष्ट दोघांचे, नाव मात्र इंजिनाचे. पण तेव्हा मला आनंद वाटायचा, हे नक्की आठवते.

ते निवृत्त होऊन गेले आणि गाडी एकोडीच्या टेकचंद यांच्या अंगणात आली. टेकचंद धानाचे शेतकरी. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना भंडाऱ्याला डायलिसिससाठी न्यावे लागे. बसचे धक्के त्यांना सोसत नव्हते, म्हणून ही गाडी घेतली होती. मशीनवर रक्त धुऊन झाले की सुलोचनाबाई अगदी गळून जात. एकदा भर उन्हाळ्यात त्या तापलेल्या गाडीत बसल्या आणि तिथेच बेशुद्ध पडल्या. टेकचंद यांनी त्या दिवशी धसका घेतला.

तेव्हापासून त्या बाहेर येण्याआधीच ते इंजिन सुरू करून एसी लावून ठेवू लागले. त्या कधी बाहेर येतील हे नक्की नसे. म्हणून इंजिन लवकर सुरू होऊ लागले, मग आणखी लवकर. शेवटी त्या आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत ते चालूच राहू लागले. गाडी उभीच तर होती!

पण मित्रांनो, उभ्या गाडीचे इंजिन नुसते गुरगुरत राहते. धूर कोमट असतो, आणि कोमट धुरातली काजळी तेलकट होऊन चिकटते. ती माझ्या गळ्यात थरावर थर बसत गेली. आधी झडप जड झाली. मग ती अर्धवट उघडी राहिली आणि तिथेच अडकली. दुखले नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही ना, तसे मला माझे अंगच माझे वाटेनासे झाले.

गाडी काळा धूर ओकू लागली. चढ आला की धापा टाकू लागली. समोर पिवळा दिवा लागला. एका मेकॅनिकने डिझेलला दोष देऊन फिल्टर बदलला. दुसऱ्याने सेन्सर बदलला. तिसऱ्याने माझ्यावर बोट ठेवले खरे, पण मला साफ करण्याऐवजी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि धूर आत येऊच नये म्हणून माझ्या तोंडावर ठोकून दिला. "आता झंझटच मिटली," तो म्हणाला. चार दिवस गाडी बरी पळाली. दिवा मात्र विझला नाही. शेवटी सुलोचनाबाईंनी कपाळावरची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली.

"डोळ्यात खुपते ते," त्या म्हणाल्या. दोघेही हसले. मला हसू आले नाही.

मग एका शुक्रवारी लाखनीच्या अलीकडे गाडीच्या संगणकाने हात टेकले. तो मला हुकूम देत होता आणि माझ्याकडून उत्तर जात नव्हते. त्याने इंजिनाचा जोरच काढून घेतला. गाडी बैलबंडीच्या चालीने चालू लागली. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. सुलोचनाबाईंचा चेहरा आधीच सुजला होता, त्यांना धाप लागली होती. भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत मशीनवरची त्यांची पाळी दुसऱ्याला गेली होती. दिवस मावळेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या, तेव्हा कुठे त्यांना जागा मिळाली. आणखी एकदा असे झाले तर काय होईल, हे टेकचंद यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघे गाडी घेऊन साकोलीला घनश्याम मेकॅनिककडे गेले. घनश्यामने स्कॅनर जोडला आणि मला उघडायचा हुकूम दिला. मी हललो नाही. मिटायचा हुकूम दिला. मी हललो नाही. त्याने बोल्ट काढून मला बाहेर घेतले आणि तो पत्रा उन्हात धरला.

"हे कोनं ठोकलं जी? शिंक येते म्हनून नाकच कापल्यासारखं केलं." मग त्याने माझ्या गळ्यात पेचकस घातला. काजळीचे जाड ढेकूळ खाली पडले. "काका, हे एकाएकी नाही झालं. गाडी चालवता कशी?"

"धीरेच चालवतो जी. धावडवत नाही कधी."

बाकावर बसलेल्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "कालचा दिवस सोडला तर जाताना गाडी बराबर रायते, भाऊ. येतानाच धूर मारते. तिथं हे पूरा वेळ इंजिन चालूच ठेवतेत, माह्यासाठी."

"उभीच तर रायते," टेकचंद म्हणाले. "बैल सावलीत उभा रायला का त्याले आरामच भेटते."

"बैलाले भेटते, काका. इंजिनाले नाही भेटत. उभ्या उभ्या ते अर्धं कच्चं जाळते अन् सारी काजळी याच्या गळ्यात जमते."

टेकचंद यांनी बाकावरच्या सुलोचनाबाईंकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग इले काय भट्टीत बसवू?"

घनश्याम म्हणाला, "झाडाखाली लावा. दारं उघडी ठेवा. काकू दिसल्या का मंगच चालू करा. अन् येताना मोकळ्या रस्त्यावर जरा जोरानं येऊ द्या."

त्याने मला घासले, धुतले, माझ्या वाटेतली नळीही साफ केली. परत बसवून हुकूम दिला, आणि मित्रांनो, माझी झडप हलली! मला पुन्हा सारे कळू लागले. मला फार आनंद झाला. घनश्यामने टिकली उचलून पाहिली. दिवा विझला होता. टिकली त्याने फेकली नाही, बाजूला चिकटवली.

त्यानंतर गाडी दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभी राहू लागली. टेकचंद सीटवर ओला दुपट्टा अंथरत, दारे उघडी ठेवत आणि नजर दरवाजाकडे लावून बसत. सुलोचनाबाई येऊन बसत आणि म्हणत, "बरं आहे. थंडं आहे." ते काही थंड नसे. पण गाडी मात्र त्यांना प्रत्येक वेळी वेळेवर पोहोचवत होती. रोवणी झाली, कापणी झाली, पुन्हा उन्हाळा आला.

एका मंगळवारी दरवाजातून टेकचंद एकटेच बाहेर आले. त्यात गाडीचा दोष नव्हता. सुलोचनाबाईंचे हृदय मशीनवरच थांबले होते. त्यांना दुसऱ्या गाडीतून नेले, आणि आम्ही त्या गाडीच्या मागे मागे एकोडीपर्यंत आलो. मागच्या सीटवर दुपट्टा तसाच होता. तो वाटेत वाळला.

पुढच्या मंगळवारी दुपारी टेकचंद अंगणातल्या गाडीत येऊन बसले. त्यांनी काचा वर केल्या, इंजिन सुरू केले आणि एसी लावला. गाडी जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांची लेक डिंपल बाहेर आली आणि तिने काचेवर टकटक केली.

"बाबा, बंद करा न. घनश्यामभाऊनं सांगतलं होतं ना."

"थांब जरा," ते म्हणाले. "सीट गरम आहे अजून."

आता ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी तसेच बसतात. माझी झडप पुन्हा जड झाली आहे. टिकलीच्या शेजारी पिवळा दिवा लागला आहे.

मित्रांनो, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नका. दिवा लागला तर तो झाकू नका, आणि गाडी बिघडली तर ती चालते कशी एवढेच नव्हे, उभी कशी राहते हेही मेकॅनिकला सांगा. माझ्यासारख्यांची एवढी काळजी घ्या. पण कधी एकोडीच्या त्या अंगणापाशी आलात, तर गाडी बंद करायला सांगू नका. माझी काजळी घनश्याम पुन्हा काढेल. त्यांना बसू द्या.