उरलेले चार शब्द

दोघी बहिणींतली धाकटी बेकरीत केकवर अक्षरं काढायची. क्रीमची पिशवी हातात धरली की तिचा हात कधी थरथरला नाही. ‘लाडक्या आईस’, ‘शाब्बास बाळा’, ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असलं काय काय लोक तिच्याकडून लिहून न्यायचे. जे तोंडाने बोलायला जीभ रेटत नाही, ते माणसं केकवर लिहून घेतात आणि वर सुरी फिरवून खाऊन टाकतात. गिऱ्हाइकं तिच्या अक्षराचं तोंड भरून कौतुक करायची. घरी मात्र तिच्या वाट्याला लहानपणापासून एकच वाक्य आलं होतं.

“तुला काही जमायचं नाही.”

वाक्य आईचं. आई शिवणकाम करायची. चर्चच्या गायन मंडळीचे पांढरे झगे सगळे तिच्या हातचे. तिचा टाका शोधून सापडायचा नाही, बोलणं मात्र टोचत राहायचं. धाकटीने टीप मारली की आई ती उसवायची आणि उसवता उसवता ते वाक्य म्हणायची. अंडं उकडलं तरी तेच, परीक्षेत दुसरा नंबर आला तरी तेच. मोठी बहीण याच वाक्याला कंटाळून दूरच्या शहरात निघून गेली आणि सणासुदीलाही येईनाशी झाली. धाकटी लग्न मोडून परत आली, तेव्हा दार उघडून आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तेच म्हणाली आणि तिची बॅग उचलून आत नेली.

बाई वाईट नव्हती. आजाऱ्यांना डबे पोचवायची, गुडघे टेकून सगळ्यांसाठी प्रार्थना करायची, शेजारच्या मुलींना ‘गुणाची पोर’ म्हणायची. फक्त आपल्या पोरींचं कौतुक केलं की त्या शेफारतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. या एका समजुतीपायी किती घरांतली पोरं भरल्या ताटावर उपाशी राहिली असतील, ते देवालाच ठाऊक.

मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या, त्यांनी धाकटीला समजावलं. “शब्द गेलेत. पण जे जिभेवर जन्मभर बसलेलं असतं, ते कधी कधी मागे राहतं. कुणाची प्रार्थना राहते, कुणाची शिवी.”

प्रार्थनाच राहणार, याबद्दल धाकटीच्या मनात शंका नव्हती. चौथ्या की पाचव्या दिवशी आईचे ओठ हलले. धाकटी कान लावून बसली.

“तुला काही जमायचं नाही,” आई म्हणाली.

पाणी हवं असलं तरी तेच, खिडकी लावायची असली तरी तेच. चर्चचे पाळक प्रार्थनेला आले, तेव्हा ‘आमेन’च्या जागीही तेच आलं.

“तुम्हाला नाही म्हणत ती,” धाकटी घाईघाईने म्हणाली.

“म्हणाली असती तरी खोटं नव्हतं,” पाळक म्हणाले आणि आईच्या उशाशी बसून हसले.

धाकटीला हसू येईना. आई जाण्याआधी तिच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायचा, एवढीच तिची इच्छा होती. ती रोज आईसमोर बसून शिकवायची. “नुसतं ‘छान’ म्हण, आई. छा...न.” आई ओठ जुळवायची, घामाघूम व्हायची, आणि शेवटी बाहेर पडायचं ते ठरलेलं.

एका संध्याकाळी दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, त्यात धाकटीच्या हातून सुपाची वाटी आईच्या चादरीवर लवंडली. आई तेच म्हणाली. धाकटीचा तोल गेला.

“दुसरं काहीच नव्हतं का गं साठवायला? जन्मभर हेच दिलंस, आता उरलंय तेही हेच!”

आईला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. ती लेकीकडे पाहत राहिली. मग तिने डावा हात हळूहळू उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.

त्यानंतर आई बोललीच नाही. वाक्य वर यायला लागलं की तिचा हात तोंडाकडे जायचा. धाकटीने माफी मागितली, पाया पडली. आई मान हलवायची, हात काही काढायची नाही. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, बोलतं करा, नाहीतर आहे तेही जाईल. मोठी फोनवर म्हणाली, “सुटलीस. निदान कानाला आराम.” पण ती शांतता धाकटीला खायला उठायची. आईजवळ उरलेलं शेवटचं चिरगूटही आपण काढून घेतलं, हे तिला झोपू देईना.

रविवारी पाळक प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन आले. त्यांनी ती पुढे केली. आईने तोंडावरचा हात घट्ट दाबला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. असल्या तोंडात हे कसं घालू, असंच तिला म्हणायचं होतं, आणि ते तिथे कुणाला कळलं नाही असं नाही.

“हे माझ्याने व्हायचं नाही,” पाळक धाकटीला म्हणाले. “तू बोल तिच्याशी.”

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. केकवर मायेचं हजारदा लिहिलं होतं, पण आईला तोंडाने एकदाही म्हटलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

“आई, मी परत आले तेव्हा तू माझी बॅग उचललीस. किती जड होती. मी तुझं बोलणं धरून बसले आणि बॅग विसरले. तुझ्यासारखं कुणी शिवत नाही. तू मला हवी आहेस. आहेस तशी. जे येतंय ते बोल, मला कळतं तू काय म्हणतेस.”

मग तो हात खाली आला. आईने भाकर घेतली, सावकाश गिळली. डावा तळवा लेकीच्या गालावर ठेवला आणि झोपेला आलेल्या लेकराशी बोलावं तसं ती म्हणाली,

“तुला काही जमायचं नाही.”

“हो, आई,” धाकटी म्हणाली. “मलाही तू हवी आहेस.”

आई त्याच आठवड्यात गेली. मोठी आली ती थेट दफनभूमीतच. सगळं उरकल्यावर माणसं पांगली, दोघी बहिणी ओल्या मातीजवळ उभ्या राहिल्या. मोठीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

“शेवटचं काय बोलली?” तिने विचारलं. “की तेच?”

“तेच,” धाकटी म्हणाली. “पण असं.”

तिने मोठीच्या गालावर तळवा ठेवला आणि आईने म्हटलं होतं तसंच, तितक्याच हळू म्हटलं. मोठी पहिल्या शब्दाला सवयीने आक्रसली. शेवटच्या शब्दापर्यंत तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. तिने बहिणीचा हात आपल्या गालावर दाबून धरला.

“परत म्हण,” ती म्हणाली.

धाकटीने परत म्हटलं.