दर्शनाचा आदर्श निबंध

कोपरीतल्या एका अनुदानित शाळेत वासंतीबाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. शनिवारचा मूल्यशिक्षणाचा तास त्यांच्या खास आवडीचा. त्या तासाला त्या मुलांकडून श्लोक पाठ करून घेत, व्रतांच्या गोष्टी सांगत आणि "हे आपले संस्कार" असं आवर्जून म्हणत. त्यात काही गैर आहे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

एकदा त्यांनी सहावीला 'आमच्या घरची संध्याकाळ' हा निबंध दिला. दर्शनाचा सगळ्यांत सरस उतरला. आई देवापुढे दिवा लावते, आजी जपमाळ घेऊन बसते, आम्ही भावंडं हात जोडून श्लोक म्हणतो, असं तिनं लिहिलं होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि 'आदर्श निबंध' म्हणून भिंतीवर लावला.

सोमवारी मधल्या सुट्टीत दर्शनाचे आजोबा भेटायला आले. सखाराम त्यांचं नाव, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. शेजारच्या मुलीनं घरी येऊन निबंधाचं कौतुक केलं, तेव्हा त्यांना कळलं होतं.

"बाई, निबंध छान आहे," ते म्हणाले, "पण ते घर आमचं नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे देव्हारा नाही. आजी रोज बुद्धवंदना म्हणते. परवा दर्शना आजीला म्हणाली, हळू म्हण, मैत्रीण येणार आहे."

बाईंना ते लागलं. मी कुणावर जबरदस्ती केली नाही, तिनं मला सांगायचं होतं, असं त्या काहीशा घुश्शातच म्हणाल्या.

"अकरा वर्षांची पोर ती. शाबासकी कशाला मिळते ते तिनं बघितलं नि तेच लिहिलं."

"मग शाळेत धर्माचं काही शिकवूच नये का?"

"शिकवा की. तुमचा शिकवा, आमचा शिकवा, मशिदीत जाणाऱ्यांचा शिकवा. शेजारी कसा जगतो ते पोरांना कळायलाच हवं. पण कुणाचं काय ते नाव घेऊन सांगा. तुम्ही एकालाच 'आपलं' म्हणालात, की बाकीची पोरं बाहेर पडतात. वंदना आम्ही घरी शिकवू, विहारात शिकवू. शाळेनं तिला ती लपवायला शिकवू नये, एवढंच."

घरी गेल्यावर बाई एकेक तास आठवत बसल्या. श्लोकांच्या वेळी खाली मान घालून बसणारा अनीस त्यांना आठवला, नुसते ओठ हलवणारी रचना आठवली. त्या गप्प बसण्याला त्या इतकी वर्षं शिस्त समजत होत्या! एका मुलीनं लाजेपोटी लिहिलेलं खोटं आपण कौतुकानं भिंतीवर लावलं, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दर्शनाला एकटीला बोलावलं. ती रडायला लागली. "बाई, मार्क कापणार?"

"नाही गं. चूक माझी आहे."

शनिवारी त्यांनी हेच सगळ्या वर्गाला सांगितलं, दर्शनाचं नाव न घेता. 'आपले संस्कार' म्हणताना मी तुमच्यातल्या कित्येकांची घरं विसरले, अशी त्यांनी कबुली दिली. मग ज्याला वाटेल त्यानं आपल्या घरचं सांगावं, असं त्या म्हणाल्या. अनीस रोज्यांबद्दल बोलला. एका मुलानं सांगितलं की त्याचे बाबा देव मानत नाहीत. दर्शना काही बोलली नाही. बाईंनीही तिला आग्रह केला नाही. तो हक्क आपण गमावलाय, हे त्यांना कळत होतं.

पुढे त्या तासाला सगळ्याच धर्मांची ओळख होऊ लागली. तिसऱ्या शनिवारी दर्शनानं हात वर केला. पण आधीच्या पंचवीस वर्षांतली मुलं केव्हाच शाळा सोडून गेली होती. त्यांची माफी कुठे मागायची, याचं उत्तर वासंतीबाईंना आजही सापडलेलं नाही.

तुमच्याआमच्या मुलांच्या शाळेतही असा एखादा तास असेल. तिथे धर्मांची ओळख जरूर व्हावी. पण शाळा सगळ्यांची असेल, तर एका घरची श्रद्धा सगळ्यांची म्हणून शिकवता येत नाही. शाबासकीसाठी आपलं घर लपवण्याची पाळी एकाही मुलावर येऊ नये, हे पाहणं तुमचंआमचं काम आहे.