चुन्याची वेल

"वयनी, कुंचा ठिवा खाली," आकाराम म्हणाला.

भट्टीतून काढलेले माठ अंगणात मांडले होते आणि चंद्राबाई चुन्यात कुंचा बुडवून पहिल्याच माठाच्या गळ्याभोवती वेल काढत होती. तिचा नवरा नाथाजी कुंभार जाऊन महिनाच झाला होता. चाक आता धाकटा दीर आकाराम फिरवायचा. रंगवायचं काम मात्र ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिचंच. पण गावानं निरोप धाडला होता, विधवेच्या हातची नक्षी घरात नको.

"कोरंच इकू. लोक नगं म्हनत्यात तर कशाला भांडायचं?"

"कोरं मडकं मसनात जातं. कुनाच्या घरात ठिवनार हायसा ते?"

ते खरंच होतं. या गावात तिरडीपुढे धरायचं मडकं तेवढं कोरं जायचं. पाण्याच्या माठाला निदान एक रेघ तरी लागायचीच. विधवेचा हात अपशकुनी आणि कोरं मडकंही अपशकुनी. गावानं आपल्याच पायात आपण खोडा घालून घेतला होता. त्यात महायुद्धामुळे पितळेची भांडी मिळेनाशी झालेली, आणि वडूजकडचा उन्हाळा काही शकुन बघून थांबत नाही.

दुपारी, गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या सयाजीआबांची सून लीलाबाई आली. तिनं रंगवलेलाच माठ निवडला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि हळूच म्हणाली, "नक्षी आकारामनं काढली म्हनून सांगते घरात. तुला कुनी इचारलं तर तूबी तसंच म्हन."

चंद्राबाईच्या मस्तकात तिडीक गेली. नवरा गेला, कुंकू गेलं, चुडा गेला. सगळं तिनं सोसलं. राहता राहिला हात, तोही दिराच्या नावावर करा म्हणे.

"माठ ठिवा खाली."

"अगं, तुझ्याच भल्याचं सांगते."

"माझ्या हातचा म्हनून न्यायचा आसंल तर न्या. न्हाईतर वड्याचं पानी वंजळीनं प्या."

लीलाबाई रिकाम्या हातानं गेली. आकारामनं कपाळाला हात लावला.

चंद्राबाईनं तोच माठ पाण्यानं भरला आणि रस्त्याकडेला, दारातल्या कडुलिंबाखाली ठेवला. शेजारी तांब्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती तिथंच नवा माठ मांडीवर घेऊन रंगवत बसली. येणारे-जाणारे बघायचे आणि नजर चुकवून पुढं सरकायचे. बघेनात का, ती मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

भर उन्हात सयाजीआबा बाजाराहून चालत आले. म्हाताऱ्याचे ओठ सुकले होते. ते सावलीला टेकले आणि माठाकडे बघत म्हणाले, "कुनी रंगवला गं?"

"मीच, आबा. ते गेल्यावर रंगवलाय."

आबांनी माठावरच्या वेलीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी माठ कलता करून तांब्या भरला आणि घटाघटा प्याले.

"लय गार हाय," म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरला.

रंगवता रंगवता चंद्राबाईनं वर बघितलं. वेलीची रेघ वाकडी गेली. ती तिनं पुसली नाही.