मी पान्हा का चोरला

मी एक म्हातारी, लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सरळ येणार नाही. आम्ही आधी गिळतो, मग निवांत चघळतो.

आधी गिळलेले.

गंगावेशीमागच्या गोठ्यात, कृष्णातच्या दारात, मी जन्मले. रोज संध्याकाळी तो मला दूधकट्ट्यावर नेई आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यातच धार काढी. "पावणं, मिशी पुसा, फेस लागलाय," म्हणे. असा हात मी दुसरा पाहिला नाही. कासेला लागला की दूध आपोआप उतरे.

एके दिवशी उतरले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

कृष्णातने पेंड बदलली. गळ्यात काळा दोरा आणि बिब्बा बांधला. डॉक्टर म्हणाले, "जनावर ठणठणीत हाय." "मग नजर लागलीया," कृष्णात म्हणाला.

मला काही लागले नव्हते. हात बदलला होता. जाणाऱ्या माणसाला धरून ठेवावे तशी त्याची बोटे आवळत होती.

आता चघळते.

त्याच आठवड्यात त्याच्या मुलीची, क्रांतीची, फुटबॉलच्या शिबिरासाठी निवड झाली होती. वर्षभर बाहेरगावी राहायचे. "जा की, कोण अडवतंय?" कृष्णात म्हणाला, मनापासून. पण तेव्हापासून त्याच्या लेखी तिचा चहा पांचट, तिचे बोलणे उर्मट, तिच्या चपला वाटेत. क्रांती माझ्या पाठीवर हात ठेवून आत्याला, आक्काला, म्हणाली, "पप्पांच्या मनात न्हाय. उद्या नाव काढाय सांगते."

सकाळी तीच धारेला बसली. चरवी भरली. कृष्णात बघतच राहिला.

"म्हंजे नजर माझ्या हाताला लागलीया व्हय?"

आक्का शेण गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "एकोणीस वर्षांचा हुतास. आपलं वडील, आण्णा, गेलं. खेळायचं बूट माळ्यावर टाकलंस आन् ह्या म्हशीच्या आईच्या कासंला बसलास. तवा तुला कोण म्हणालं न्हाई, जा म्हणून. पोरीला जा म्हणतोस, आन् आत कायतरी कळवळतंय. तुला ठावं न्हाई. म्हशीला ठावं हाय."

"बूट कवाच इसरलोय मी."

"व्हय. म्हणून तर पोरीच्या चपलांवर राग."

कृष्णातला चूक दुसऱ्यावर ढकलणे सोपे होते. मी समोरच उभी होते. पण तो म्हणाला, "क्रांती, राग तुझ्यावर न्हवता गं. नाव काढू नगंस. सोडाय मी येतो." एवढे बोलायला त्याला किती बळ लागले, ते मी जवळून पाहिले.

संध्याकाळी कट्ट्यावर त्याचा हात मोकळा होता. मला मात्र त्या हाताची पुन्हा सवय व्हायची होती; पेला अर्धाच भरला. गिऱ्हाईक कुरकुरले.

"आज एवढंच हाय, पावणं," तो शांतपणे म्हणाला.

मित्रांनो, जवळच्या माणसावर उगाच चिडचिड होऊ लागली, तर त्याला क्षणभर सोडा आणि स्वतःला विचारा, मला काय दुखतंय? उत्तर लगेच येणार नाही. तोवर हात सैल ठेवा. माणसांवरही, आमच्यावरही.