अर्ध्यावर थांबवलेला ट्रक

आरशावरची नजर न हलवता तिने ट्रक हळूहळू मागे घेतला आणि ट्रेलरच्या पोटाखाली अर्धाच सरकवून थांबवला. ट्रेलरच्या तोंडाशी थंडाव्याचं भलंमोठं यंत्र, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारचा ट्रेलर. एकदा पूर्ण जोडला की केबिनमागे माणूस शिरणं अशक्य. म्हणून आधी अर्ध्यावर थांबायचं, फटीत शिरून हवेच्या नळ्या जोडायच्या आणि मगच उरलेलं मागे जायचं. हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

सासरे, म्हणजे आप्पा, खाली उभे राहून तिची परीक्षा घेत होते. जन्मभर ट्रेलर ओढलेला माणूस. मुकादमाचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास. त्यांनी होकार दिला तर आजपासून सुनेला एकटीने गाडी मिळणार होती. नाही दिला, तर पुन्हा शेजारच्या सीटवर आप्पा आणि वाटभर सूचना. कित्येक महिने ते ‘अजून थोडं’च्या पुढे जायला तयार नव्हते. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

हँडब्रेक ओढून तिने पुन्हा आरशात पाहिलं. आप्पा जागेवर नव्हते.

इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून ती खाली उतरली. आप्पा अंग चोरून फटीत शिरले होते आणि त्यांच्या हातात लाल नळी होती. ती जोडली की ट्रेलरमध्ये हवा भरते आणि त्याचे ब्रेक सुटतात. म्हणून आधी ट्रेलरच्या बाजूचं ब्रेकचं बटण बाहेर ओढलेलं असावं लागतं. ते आत दाबलेलं होतं, आणि जमिनीचा उतार नेमका ट्रककडे होता; ब्रेक सुटले की ट्रेलर पुढे घरंगळून आप्पा मध्येच चिरडले जाणार.

“आप्पा, थांबा!”

“अगं, झालंच. तू कुठे या अडचणीत शिरतेस?”

“ती नळी सोडा आणि आधी बाहेर या!”

एवढ्या आवाजात ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. कपाळाला आठ्या घालून आप्पा बाहेर आले, आता हिला चार शब्द सुनावायचे अशाच बेताने. तिने नुसतं बटणाकडे बोट दाखवलं. आप्पांनी वाकून ते नीट पाहिलं.

“मला वाटलं, ओढलंय,” ते म्हणाले.

तिने बटण ओढलं, फटीत शिरून नळ्या जोडल्या. मग वर चढून उरलेला ट्रक मागे घेतला. खट्ट आवाज आला. पक्कं बसलंय ना हे बघायला तिने एक हलका हिसका पुढे दिला आणि खाली येऊन ट्रेलरचे पाय वर घेतले.

तेवढ्यात मुकादम आला.

“काय आप्पा, जमतंय का सूनबाईंना?”

“माझ्यावर ओरडली,” आप्पा म्हणाले. “चांगली खेकसली.”

झालं! एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं तिला वाटलं. ती गुपचूप केबिनमध्ये चढली आणि सवयीने पलीकडचं दार उघडून वाट बघत बसली. आप्पा आले. त्यांनी दार बाहेरूनच लोटून नीट लावून घेतलं.

“चढा ना, आप्पा.”

“माझा डबा आत राहिलाय,” ते काचेतून म्हणाले. “दुपारी तूच खा. भाजीत मीठ किती घालतेस, ते तरी कळेल.”