नागपूरची पाहुणी

शिक्षक असलेले माझे वडील गेल्यापासून अवसरीत आमच्याकडे रोज कोणीतरी भेटायला येई आणि प्रत्येकाला त्यांचा शेवटचा दिवस पहिल्यापासून सांगावा लागे. म्हणून एका सकाळी मी पर्यटक होऊन जुन्नरला गेले. रंगीत दारं, शांत गल्ल्या, वर शिवनेरी, आणि मला ओळखणारं कोणी नाही.

चहावाल्या सावळारामभाऊंनी विचारलं, "कुठल्या तुमी, ताई?" गाव सांगितलं की आडनाव विचारतात, मग नातं निघतं. मी नागपूर सांगितलं.

"लई लांबून आल्या की! बसा. ह्याच बाकावर अवसरीचे एक गुरुजी बसायचे. घरी सांगायचे लेण्याद्रीला चाललो, आन् साखर बंद असताना हितं गोड चहा प्यायचे. गेले बिचारे. लेक लई कडक व्हती त्यांची."

"कडक म्हणजे?"

"डॉक्टरबी घाबरतो म्हणायचे तिला. पर सांगताना असे खुश, जशी काय कलेक्टर झाली!"

"अजून काय सांगायचे तिच्याबद्दल?"

भाऊ हसले. "तुमी नागपूरच्या, तुमाला काय त्याचं? ऊन वाढायच्या आत गड बघून घ्या."

त्यांनी रस्ता दाखवला. मी आभार मानले आणि गड बघायला निघाले.